तहानलेल्या पक्ष्याला पाणी दिलं तर चुकलं कुठं?

मागच्या अंकात आपण एक फोटो छापला होता, आठवतोय ना, पांढऱ्याशुभ्र वाळूचा बीच, पाठीमागे सी लायन (सीलसारखे समुद्री प्राणी) आडवेतिडवे पसरलेले आणि पुढे एका बाईंच्या टोपीवर आरामात बसलेला करड्या रंगाचा पक्षी. इक्वेडोरच्या गॅलापागोस बेटांपैकी एस्पान्योला नावाच्या बेटावरचा गार्डनर बे. त्या एका फोटोवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, त्यामुळे या वेळचं सगळं सदर त्याच्याच नावावर. सगळी पत्रं घेता येत नाहीत, सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि पहिल्या पत्राला जरा जास्तच जागा दिलीये कारण ते वाचून मी स्वतः दोन दिवस विचार करत होते.

प्रश्न: ताई, तुमचा फोटो बघून आमच्या घरातलं जुनं भांडण परत उकरलं गेलं. आम्ही गेल्या वर्षी याच बीचवर गेलो होतो. ऊन मरणाचं होतं. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या पायाशी हाच पक्षी आला, मॉकिंगबर्ड, आणि त्याच्या पाण्याच्या बाटलीच्या झाकणावर चोचीने टकटक करायला लागला, अगदी दार वाजवल्यासारखं. मुलाने बिचाऱ्याने झाकणात चार थेंब पाणी ओतून वाळूत ठेवलं, तर गाईड धावत आला, झाकण उचललं, पाणी वाळूत ओतून टाकलं आणि सगळ्यांसमोर मुलाला झापलं. पोरगं रडलं. माझ्या मिस्टरांचं म्हणणं, नियम म्हणजे नियम. माझं म्हणणं, तहानलेल्याला पाणी द्यायचं नाही हा कुठला नियम? आम्ही मुलाला लहानपणापासून हेच शिकवत आलो ना? तुम्हीच सांगा, चुकलं कोणाचं?

उत्तर: आधी हे सांगते की मुलाचं काही चुकलं नाही, नऊ वर्षांच्या मुलाच्या पायाशी पक्षी येऊन पाणी मागतोय आणि तो ढिम्म बसून राहिला असता तर मला जास्त काळजी वाटली असती. गाईडचा सूर चुकला, बीचवर उतरायच्या आधीच बोटीत नीट सांगितलं असतं तर ही वेळच आली नसती. पण पाणी ओतून टाकलं ते मात्र बरोबर केलं, आणि इथे मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूने आहे, रागावू नका, कारण माझं कारण त्यांच्यापेक्षा वेगळंय, "नियम म्हणजे नियम" हे काही मला कधीच पटत नाही.

मी पण त्या बीचवर त्याच पक्ष्याच्या तावडीत सापडलेय. बोटीतून गुडघाभर पाण्यात उतरून वाळूवर आले, बॅग ठेवली, टॉवेल पसरला, आणि खाली बघते तर पाच मॉकिंगबर्ड पळत पळत येतायत, उडत नाही हां, पळत, शेपटी वर करून, लांब पायांवर. एक माझ्या बुटाची लेस ओढतोय, एक बॅगेच्या चेनमध्ये चोच घालतोय, एक सरळ बाटलीवर. चोच लांब, टोकाला खाली वळलेली, डोळा पिवळसर, आणि त्या डोळ्यात भीती तर नाहीच पण विनवणी पण नाही, वसुलीला आल्यासारखी नजर. मला त्याच क्षणी कळलं की हा काही गरीब बिचारा वगैरे नाहीये.

आता मुद्द्याचं. एस्पान्योलावर गोड्या पाण्याचा कायमचा झरा, ओढा, तळं काहीच नाही. म्हणजे तो पक्षी पाण्यासाठी आलाय हे तुमचं निरीक्षण शंभर टक्के खरं. पण तो हजारो वर्षं तिथेच राहतोय आणि टुरिस्टची बाटली येऊन फार तर काही दशकं झालीत, मग इतकी वर्षं तो काय पीत होता? तर तो किडे खातो, गोमी खातो, छोटे सरडे खातो, समुद्रपक्ष्यांची अंडी फोडतो, आणि ऐकायला बरं वाटणार नाही पण जखमी सी लायनच्या, इग्वाना नावाच्या मोठ्या सरड्यांच्या, पक्ष्यांच्या जखमेतलं रक्त पण पितो. त्याला लागणारं पाणी त्याला या सगळ्यातून मिळतं. पाऊस पडला तर खळग्यातलं पाणी आहेच. थोडक्यात, तो तहानेने मरायला टेकलेला नव्हता, त्याला बाटली म्हणजे काय ते कळलेलं होतं, एवढंच. कोणीतरी आधी दिलं असणार, त्याशिवाय प्लॅस्टिकच्या झाकणावर चोच मारायची कल्पना पक्ष्याला कशी सुचणार.

आणि हे पक्षी एकटे राहत नाहीत, एस्पान्योलावर त्यांची मोठी टोळी असते, आपापला इलाका राखणारी, शेजारच्या टोळीशी जोरदार भांडणारी. तुम्ही एका झाकणात पाणी ठेवलं की ते एकाचं राहत नाही, दहा जण एकाच झाकणात चोच बुडवतात. देवीसारखा एक रोग पक्ष्यांना होतो, चोचीजवळ, पायांवर गाठी येतात, तो गॅलापागोसच्या पक्ष्यांमध्ये आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये तर तिथे बर्ड फ्लू पोचला, मेलेले फ्रिगेटबर्ड आणि लाल पायाचे बूबी हे समुद्रपक्षी सापडले आणि हेनोवेसा बेट आणि सान क्रिस्तोबालची पुंता पित ही जागा टुरिस्टसाठी बंद करावी लागली होती. हा जो एस्पान्योलाचा मॉकिंगबर्ड आहे ना तो जगात फक्त त्या एका बेटावर आणि त्याला लागून असलेल्या छोट्या खडकांवर आहे, बेट सगळं मिळून साधारण ६० चौरस किलोमीटर. तिथे काही लागण पसरली तर राखीव साठा दुसरीकडे कुठेच नाही.

पण मला तुमच्या मुलाला एक गोष्ट सांगायचीये, ती त्याला नक्की वाचून दाखवा. १८३५ मध्ये चार्ल्स डार्विन या बेटांवर आला होता, जेमतेम पाच आठवडे होता. एकदा तो जमिनीवर आडवा पडलेला होता, हातात कासवाच्या पाठीचं केलेलं पाण्याचं भांडं, आणि एक मॉकिंगबर्ड येऊन त्या भांड्याच्या काठावर बसला आणि शांतपणे पाणी प्यायला लागला. डार्विनने भांडं वर उचललं तरी तो बसूनच. म्हणजे तुमच्या मुलासोबत जे झालं ते जवळपास दोनशे वर्षांपूर्वी डार्विनसोबत पण झालंय, आणि त्याने पण त्याला हाकललं नव्हतं! पण त्याच प्रवासात त्याने दुसरी पण एक गोष्ट लिहून ठेवलीये. फ्लोरेआना बेटावर तेव्हा माणसं राहायला येऊन काहीच वर्षं झाली होती. तिथल्या विहिरीपाशी एक मुलगा हातात छडी घेऊन बसलेला त्याला दिसला. पाणी प्यायला पारवे आणि फिंच नावाचे चिमणीएवढे पक्षी यायचे, हा बसल्या जागी छडी मारायचा, पक्षी मरून पडायचा, जेवणापुरता ढीग जमा झाला होता आणि मुलगा म्हणाला की मी नेहमी असाच बसतो.

दोन्हीकडे पाणीच होतं आणि दोन्हीकडे पक्षी तितक्याच विश्वासाने आले. पक्ष्याला भांडं धरणारा कोण आणि छडीवाला कोण हे कळत नाही, ते कळण्याची सोयच त्याच्याकडे नाही. फ्लोरेआनाचा स्वतःचा वेगळा मॉकिंगबर्ड होता, तो पुढच्या काही दशकांत त्या बेटावरून संपला, तो काही त्या छडीने नाही, मुख्यतः माणसांबरोबर आलेल्या उंदीर-मांजरांनी, आणि तो ज्या निवडुंगाच्या आधाराने जगायचा त्याचा गुराढोरांनी फडशा पाडला त्यानेही. आता तो बाजूच्या दोन बारक्या खडकाळ बेटांवर तेवढा उरलाय. त्यामुळे गाईडने झाकण पालथं केलं ना, ते पाणी नाकारलं असं नका धरू, त्या पक्ष्याने पुढच्या बाटलीवाल्याकडे जाऊ नये म्हणून केलं असं धरा. मुलाला विचारा त्याला हे पटतं का. नाही पटलं तरी मला कळवा, मला खरंच ऐकायला आवडेल.

प्रश्न: हे पक्षी पाळलेले असतात का? हॉटेलवाले शिकवून ठेवतात का? माझा विश्वास बसत नाही की रानातला पक्षी माणसाला घाबरत नाही.

उत्तर: नाही हो, एकही पाळलेला नाही. बेटांच्या जमिनीपैकी ९७ टक्के भाग नॅशनल पार्क आहे, १९५९ पासून, आणि एस्पान्योलावर तर हॉटेल सोडा, एक माणूस राहत नाही.

घाबरत नाहीत त्याचं कारण साधंय. ही बेटं समुद्रातून ज्वालामुखीने वर आली, मुख्य जमिनीपासून साधारण हजार किलोमीटर लांब, त्यामुळे तिथे वाघ-बिबटे, कोल्हे, मांजरं, मुंगूस असलं जमिनीवरून येऊन झडप घालणारं काही पोचलंच नाही. आणि घाबरणं फुकट नसतं बरं का. प्रत्येक वेळी दचकून उडालं की खाणं अर्धवट राहतं, अंडी उघडी पडतात, ताकद जाते. जिथे घाबरण्यासारखं काही नाही तिथे घाबरणारा पक्षी तोट्यात आणि निवांत बसणारा फायद्यात, असं हजारो पिढ्या चाललं की होतं हे. ससाणा आला तर मात्र धावपळ होते हां, गॅलापागोस हॉक तिथे आहे, त्याला ते व्यवस्थित घाबरतात. दोन पायांवर चालत येणारं उंच काहीतरी, ते त्यांच्या यादीतच नाही.

तिथल्या समुद्री इग्वानांवर एक प्रयोग झाला होता, माणूस जवळ गेला तर त्यांच्या रक्तातलं ताणाचं हार्मोन वाढतं का बघायला. ज्यांना कधी कोणी पकडलेलं नव्हतं त्यांच्यात वाढलंच नाही, एकदा पकडून सोडल्यावर मात्र पुढच्या वेळी वाढलं. म्हणजे भीती शिकता येते, पण आधी किंमत मोजून. आणि उलटं पण दिसलंय, काही बेटांवर माणसांनी आणलेली मांजरं नंतर काढून टाकली तरी तिथल्या फिंच अजूनही इतर बेटांपेक्षा लांबूनच उडून जातात, मांजर गेलं पण धास्ती राहिली. १६८४ च्या सुमाराला काउली नावाचा दर्यावर्दी तिथे गेला होता, त्याने लिहिलंय की पारवे आमच्या टोप्यांवर आणि हातांवर येऊन बसायचे, मग आमच्यातल्या काहींनी गोळ्या घातल्या आणि ते बुजरे झाले. आपल्या फोटोतली टोपी आठवा.

प्रश्न: प्राण्यांपासून दोन मीटर लांब राहायचं असा नियम आहे ना, मग पक्षी स्वतःच येऊन अंगावर बसला तर दंड होतो का? आणि तेव्हा नक्की करायचं काय?

उत्तर: हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय! दोन मीटरचा नियम आहे, पण तो तुम्हाला लागू आहे, पक्ष्याला कोण सांगणार. तो आला तर तुम्ही गुन्हेगार होत नाही. तुम्ही त्याच्याकडे गेलात, हात लावलात, बोलावलंत, खायला दाखवलंत, की होता.

करायचं एवढंच, हलायचं नाही झटकन, ओरडायचं नाही, हाताने उडवायचं नाही. टोपीवर बसला तर बसू दे, एक मिनिटात त्याला कळतं की इथे काही मिळत नाही आणि तो जातो. नाहीच गेला तर हळूच उठून उभं राहायचं आणि दोन पावलं मागे. बाटली बाहेर ठेवूच नका, बॅगेत ठेवा, चेन लावा, आणि पाणी उभं राहून प्या, बसून प्यायलात की ते मांडीवर येतात. बिस्किटं-चिप्स तर बोटीवरच सोडून या, खाली आणायची परवानगी नसतेच. माझी बॅग अर्धवट उघडी होती आणि त्यातून एका पठ्ठ्याने टिश्यू पेपरचं पाकीट बाहेर काढलं, मग पांढरे तुकडे वाऱ्यावर उडाले आणि मी आणि आमची गाईड दोघी बीचभर ते गोळा करत पळालो, आजूबाजूचे सी लायन मान वर करून बघतायत. इतकी लाज मला आयुष्यात कमी वेळा वाटलीये.

गार्डनर बे हा बीच जरा मोकळाढाकळा आहे, तिथे वाळूवर तुम्हाला हवं तसं फिरता येतं. त्याच बेटाच्या दुसऱ्या टोकाला पुंता स्वारेझ आहे, तिथे मात्र आखलेल्या पायवाटेवरूनच, गाईडच्या मागे. आणि गंमत अशी की पक्ष्यांना पायवाट पण मान्य नाही, निळ्या पायाचे बूबी बरोब्बर वाटेच्या मधोमध अंडी घालून बसतात, भोवती विष्ठेचं पांढरं वर्तुळ काढून, आणि मग सोळा जणांचा ग्रुप आदबीने त्यांना वळसा घालून जातो. (एका गाईडमागे जास्तीत जास्त सोळाच माणसं चालतात.)

प्रश्न: पोर्तो आयोराच्या मासळी बाजाराचे व्हिडिओ बघितले. पेलिकन अक्षरशः कोळणीच्या शेजारी रांगेत उभे आणि एक सी लायन काउंटरवर तोंड टेकून वाट बघतोय. तिथे चालतं मग बीचवर का नाही? हा दुटप्पीपणा नाही का?

उत्तर: थोडाफार आहे, नाही कशाला म्हणू. सांता क्रूझ बेटावरचं हे गाव, माणसं तिथे राहतात, मासे कापतात, डोकी-आतडी पडतात, आणि पेलिकन काय तिकीट काढून थोडेच येतात. विकणारे बिचारे एका हाताने सुरी आणि दुसऱ्या हाताने पेलिकन हाकलत असतात. टुरिस्टने तिथे पण खाऊ घालायचं नसतंच. पण हे खरं की तिथे पक्षी माणसाच्या धंद्यावर जगायला शिकलेत, आणि तो देखावा आपल्याला गोड वाटतो, मला पण वाटला, तासभर हलले नाही तिथून.

त्याचा दुसरा भाग बघायचा तर त्याच बेटावरचा एल गारापातेरो बीच. तिथल्या फिंच, म्हणजे डार्विनच्या त्या सुप्रसिद्ध फिंच, ज्यांची चोच बी फोडायला एका आकाराची, किडे टिपायला दुसऱ्या आकाराची झाली म्हणून सगळं जग त्यांना ओळखतं, त्या आता वेफर्सची पिशवी चुरगळल्याच्या आवाजावर जमा होतात. हे तपासून बघितलंय संशोधकांनी, नुसता पिशवीचा आवाज पुरतो. आता विचार करा, जाड चोच असो की बारीक, वेफर सगळ्यांनाच खाता येतो. मग ती चोच वेगवेगळी असण्याचा फायदा काय राहिला? एवढ्या लाखो वर्षांच्या कारागिरीवर एक खारट चकती. मला तरी हे त्या पेलिकनपेक्षा जास्त खटकतं.

प्रश्न: आई-बाबांना घेऊन जायचंय, दोघंही सत्तरीचे, आईचे गुडघे दुखतात. जमेल का? कधी जावं, खर्च कसा?

उत्तर: जमेल, पण बेट निवडून. विमान फक्त इक्वेडोरच्या मुख्य भूमीवरून, कितो किंवा ग्वायाकिलहून, आणि उतरायचं बाल्त्राला नाहीतर सान क्रिस्तोबालला. निघायच्या आधी सामान तपासतात, फळं-बियाणं-माती काही नको म्हणून, बुटांचे तळवे पुसून ठेवा. वीस डॉलरचं ट्रान्झिट कार्ड घ्यावं लागतं आणि बेटावर पोचल्यावर पार्कची फी, ती ऑगस्ट २०२४ पासून परदेशी माणसाला २०० डॉलर झाली, बारा वर्षांखालच्या मुलांना १००. रोख ठेवा, इक्वेडोरचं चलन अमेरिकन डॉलरच आहे त्यामुळे वेगळं काही बदलून घ्यायचं नाही.

एस्पान्योलाला राहता येत नाही. एकतर क्रूझने जा किंवा सान क्रिस्तोबालहून दिवसाची बोट, जाताना दोनेक तास आणि येताना दोनेक तास, आणि समुद्र खवळलेला असला तर ते चार तास चाळीस वाटतात, उलटीची गोळी निघायच्या आधीच घ्या, उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. आईंना गार्डनर बे जमेल, पांगा नावाच्या छोट्या बोटीतून पाण्यात उतरावं लागतं, गुडघाभर पाणी आणि दोन माणसं धरायला, मग पुढे नुसती मऊ वाळू. पुंता स्वारेझ मात्र गुडघेदुखीवाल्यांनी नको, मोठमोठ्या गोट्यांवरून दोन-तीन तास चालायचं. तरी बाबांना जमत असेल तर त्यांना पाठवा, एप्रिल ते डिसेंबरच्या मधे असाल तर तिथे वेव्ड अल्बट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी असतो, या जातीचे जगातले जवळजवळ सगळेच पक्षी या एका बेटावर वीण करतात. पंख पसरले की सव्वादोन मीटरच्या आसपास, आणि एवढा मोठा की जागेवरून उडताच येत नाही, मग तो बदकासारखा डुलत डुलत कड्याच्या टोकापर्यंत चालत जातो आणि तिथून स्वतःला खाली सोडून देतो.

हवा म्हणाल तर जानेवारी ते मे गरम, अधूनमधून पाऊस, समुद्र शांत आणि कोमट. जून ते नोव्हेंबर थंड, ढगाळ, गारूआ नावाचं बारीक धुकं, आणि पाणी चांगलंच गार, विषुववृत्तावर असून हुडहुडी भरते, कारण दक्षिणेकडून थंड प्रवाह येतो. आई-बाबांसाठी मी मार्च-एप्रिल म्हणेन. एप्रिल अखेरीस गेलात तर अल्बट्रॉस पण सापडेल.

प्रश्न: निळ्या पायाच्या बूबीचे पाय खरंच इतके निळे असतात की फोटोत रंग वाढवतात?

उत्तर: खरंच तितके. किंबहुना फोटोत कमी दिसतात. तो रंग खाण्यातून येतो, ताज्या माशांतल्या कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्याचा त्यात हात आहे, नराला दोन दिवस नीट खायला मिळालं नाही की पाय फिके पडतात. म्हणून तो मादीसमोर एक पाय उचल, मग दुसरा उचल असा नाचत असतो, ते म्हणजे पगाराची स्लिप दाखवणं आहे.

प्रश्न: त्या बीचवरची वाळू आठवण म्हणून छोट्या डबीत आणली तर?

उत्तर: नाही. शिंपला नाही, दगड नाही, पीस नाही, वाळू पण नाही. जाताना बॅग तपासतात तशी येताना पण तपासतात. टॉवेलला चिकटून आली तेवढी तुमची.

प्रश्न: बर्ड फोटोग्राफीसाठी मोठी झूम लेन्स नेऊ का? ड्रोन पण आहे माझ्याकडे.

उत्तर: ड्रोन घरी ठेवा, परवानगीशिवाय चालत नाही आणि टुरिस्टला परवानगी मिळत नाही. फ्लॅश पण बंद. झूम लेन्स अल्बट्रॉससाठी, उडत्या फ्रिगेटबर्डसाठी न्या, फ्रिगेटबर्ड दुसऱ्याच्या तोंडचा मासा हवेतल्या हवेत पळवतो ते टिपायला कामी येईल. पण मॉकिंगबर्डसाठी तिचा काडीचा उपयोग नाही, अडचण उलटी आहे, तो इतका जवळ येतो की फोकसच होत नाही. त्याला काचेत स्वतःचं तोंड दिसतं आणि तो लेन्सवर चोच मारायला लागतो. साधा मोबाईल न्या आणि दोन मीटर मागे सरकत राहा, तो पुढे येत राहील. माझ्याकडे त्या बीचवरचे एकतीस फोटो आहेत त्यातल्या सव्वीस फोटोंमध्ये नुसती अस्पष्ट शेपटी आहे, आणि एका फोटोत माझाच बूट, लेस सुटलेली.